पहिला क्रमांक मी चुकीच्या निबंधाला दिला

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘हवामान बदल : एक जागतिक समस्या’ हा बक्षीसपात्र निबंध छापून आला. निबंध चांगला आहे, शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि त्याला पहिला क्रमांक मीच दिला होता. म्हणजे तीन परीक्षकांपैकी मी एक, आणि बाकीच्या दोघांना पटवणारीही मीच. हे पत्र त्या निबंधाविषयीची तक्रार आहे. लिहिणाऱ्या मुलाविषयी मुळीच नाही. त्याच्याकडे जे मागितलं ते त्याने दिलं. तक्रार मागणाऱ्यांविषयी आहे, आणि त्यांत मी आलेच.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निबंधाशी माझा संबंध एवढाच, की भाषेच्या बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडायचा. निवृत्त झाल्यावर एका संस्थेने या स्पर्धेसाठी बोलावलं. विषय विज्ञानाचा आणि परीक्षक फुकट, असा त्यांचा हिशेब असावा. मी गेले. एकशे बारा निबंध होते, दोन गठ्ठ्यांत बांधलेले. सोबत गुणांचा तक्ता : मुद्दे चार, भाषा तीन, शुद्धलेखन दोन, अक्षर एक. मुद्द्यांच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘किमान पाच उपाय आवश्यक’.

पहिले दहा निबंध मी मन लावून वाचले. पुढचे वीस चाळले. त्यानंतर माझ्या लक्षात आलं की पहिलं वाक्य झाकून ठेवलं तरी मला ते सांगता येतंय. ‘आज संपूर्ण जगासमोर हवामान बदलाचा भस्मासुर उभा ठाकला आहे.’ भस्मासुर नसेल तर प्रश्न ‘ऐरणीवर’ आलेला असायचा. मधे ‘वसुंधरा’, तिचा ‘ऱ्हास’, मानवाची ‘हाव’. शेवटाकडे ‘ही काळाची गरज आहे’. आणि अगदी शेवटी, ‘चला तर मग, आजपासून आपण शपथ घेऊया’. जवळजवळ सगळ्या मुलांनी शपथ घेतली. सगळ्यांनी एकच झाड लावलं असावं, कारण झाड कोणतं, कुठे लावलं, जगलं का, याचा कुणाच्याही निबंधात पत्ता नव्हता.

विज्ञानाची बाई म्हणून मला टोचलं ते आणखी वेगळं. निम्म्याहून जास्त निबंधांत ओझोनला भोक पडलं होतं आणि त्या भोकातून उष्णता आत येऊन पृथ्वी तापत होती. ओझोनचा प्रश्न वेगळा. तो मुख्यतः क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे झाला, त्याने अतिनील किरण वाढतात, आणि ते वायू थांबवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर तो थर हळूहळू सावरतो आहे. पृथ्वी तापते ती कोळसा, तेल, वायू जाळून हवेत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंमुळे. बाहेर जाणारी उष्णता ते अडवून धरतात. या दोन गोष्टींची मिसळ माझ्याच हाताखालून गेलेल्या मुलांनीही केली असणार. एकतीस वर्षांत मी नेमकं काय शिकवलं, हा प्रश्न त्या रात्री पडला होता. तो मी दुसऱ्या गठ्ठ्याखाली सरकवला.

त्या दुसऱ्या गठ्ठ्यात एक निबंध होता. आठवीतल्या मुलीचा, एका पानाचा, ‘खिडकीजवळचा बाक’ नावाचा. त्यांच्या वर्गात खिडकीला लागून एक बाक आहे. दुसऱ्या तासाला त्यावर ऊन येतं आणि पाचव्या तासापर्यंत बाकावरून जात नाही. मुलींनी खडूने बाकावर रेघा मारल्यात : तास संपल्याची घंटा झाली की ऊन कुठवर पोचलं त्याच्या. बाकाचा पत्रा इतका तापतो की कंपासपेटी उघडताना रुमाल लागतो. या बाकावर पाळीपाळीने बसायचं ठरलंय आणि पाळी चुकवणारीवर बाकीच्या लक्ष ठेवून असतात. त्या मुलीची आई याच शाळेत होती, याच वर्गात. मुलीने लिहिलं होतं, ‘आई म्हणते, तेव्हा मुली या बाकावर बसायला मिळावं म्हणून भांडायच्या. आम्ही तिथे बसायला लागू नये म्हणून भांडतो.’ तेवढ्यावर निबंध संपला. उपाय शून्य. शपथ नाही.

मी त्याला दहापैकी चार दिले. कडेला लाल शाईने शेरा लिहिला : ‘विषयाला धरून नाही. उपाय सुचवलेले नाहीत.’ वर माझ्यातली फिजिक्सची बाई जागी होऊन आणखी एक ओळ लिहून गेली : ‘उन्हाची रेघ ऋतूप्रमाणे सरकते, हवामान बदलामुळे नाही.’ शेरा बरोबर आहे. फक्त त्या मुलीने तसं कुठे म्हटलंच नव्हतं.

गठ्ठे परत गेले, बक्षीस समारंभ झाला, आणि पंधरा दिवसांनी मला बस थांब्यावर उभी असताना एक वाक्य आठवलं. पहिल्या आलेल्या निबंधातलं नव्हे. त्यातलं एकही वाक्य मला आज न बघता सांगता येणार नाही. आठवलं ते रुमालाने कंपासपेटी उघडायचं.

आता कुणी म्हणेल, एका आईची आठवण आणि एक तापलेला बाक यातून हवामान बदल सिद्ध होतो का? नाही होत. एखाद्या ठिकाणचं हवामान सांगायचं तर जागतिक हवामान संघटना साधारण तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी धरते. एक कडक उन्हाळा म्हणजे हवामान बदल नव्हे, आणि एक गारठलेली सकाळ म्हणजे तो खोटा असल्याचा पुरावाही नव्हे. मी हे वर्गात शंभरदा सांगितलंय. पण त्या मुलीकडे मी पुरावा मागत होते, आणि ती साक्ष देत होती. या दोन्हींची गरज वेगवेगळ्या जागी असते. शिवाय साक्षीचे पुढे पुरावे होतात, हेही मला ठाऊक असायला हवं होतं.

जपानमधल्या क्योटोचं उदाहरण घ्या. तिथे नवव्या शतकापासून दरबारातल्या मंडळींनी आणि भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत चेरी कधी फुलली, ती बघायला लोक कधी जमले, हे लिहून ठेवलं. हवामानाचा अभ्यास करायला नव्हे. फुलं आवडली म्हणून. त्याच नोंदी जोडून संशोधकांनी बाराशे वर्षांची मालिका तयार केली. २०२१ साली बहर २६ मार्चला शिगेला पोचला. त्या सगळ्या मालिकेत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. जपानमधल्याच सुवा तळ्याच्या काठी देवळातले पुजारी १४४३ सालापासून तळं कधी गोठलं ते लिहीत आलेत. त्यांतल्या एकालाही कुणी ‘किमान पाच उपाय’ विचारले नाहीत, हे आपलं नशीब.

बाकावरच्या खडूच्या रेघा याच जातीच्या आहेत. तारीख घातली असती आणि शेजारी तापमापी ठेवली असती तर शंभर वर्षांनी कुणीतरी त्या मुलीचे आभार मानले असते. हे मी तिला सांगायला हवं होतं. त्याऐवजी चार गुण दिले.

मग मी प्रायश्चित्त म्हणा किंवा रिकामा वेळ म्हणा, शनिवारी सकाळी ओळखीच्या मुलांना जमवून लिहायला बसवायला लागले. चौदा मुलं यायची, कधी नऊ. सहावी ते नववीतली. पहिल्या दिवशी फळ्यावर मी आठ शब्द लिहिले आणि त्यांना बंदी घातली : भस्मासुर, ऐरणीवर, वसुंधरा, ऱ्हास, काळाची गरज, विळखा, हाहाकार, शपथ. एका मुलाने हात वर केला. ‘बाई, भस्मासुर म्हणजे कोण?’ त्याने तो शब्द दोन निबंधांत वापरला होता आणि एकाला बक्षीसही मिळालं होतं.

बंदी घातल्यावर अर्धा तास कुणी काही लिहिलं नाही. पेन्सिली चावणं चाललं होतं. मला वाटलं, झालं, मी त्यांच्या कुबड्या काढून घेतल्या आणि चालायला शिकवलंच नाही. म्हणून मी त्यांना आकडे दिले. शब्द गोठले की आकडा कामाला येतो, हा माझा जुना अनुभव.

हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमित मोजायला सुरुवात केली. त्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत तो साधारण ३१५ भाग होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० च्या आसपास होता, हे बर्फात अडकलेल्या हवेवरून कळतं. आज आपण ४२० ओलांडलेत. मी मुलांना म्हटलं, आपापल्या जन्मवर्षाचा आकडा शोधा आणि पानाच्या वर कोपऱ्यात लिहा, जिथे परीक्षेत बैठक क्रमांक लिहिता तिथे. माझा १९६२चा जन्म, म्हणून मी लिहिलं ३१८. बहुतेकांचं जन्मसाल २०१२. त्यांनी लिहिलं ३९४. एक मुलगा दोन्ही पानं शेजारी ठेवून म्हणाला, ‘बाई, तुमच्यात नि माझ्यात शहात्तर आहेत.’ वयातलं अंतर पन्नास वर्षांचं, पण ते आजवर कुणी मला या मापात सांगितलं नव्हतं. मी काही बोलले नाही. तो लिहायला लागला होता.

कीलिंग यांचा आलेख मी मोठा करून भिंतीला लावला. तो सरळ चढत नाही, करवतीच्या पात्यासारखा दातेरी आहे. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, झाडं जास्त. तिकडे पालवी फुटली की झाडं वायू ओढून घेतात आणि रेघ उतरते, पानं गळून कुजायला लागली की परत चढते. दर वर्षी एक दात, आणि प्रत्येक दात आधीच्यापेक्षा वर. सातवीतली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘ही श्वास घेतेय. पण धाप लागल्यासारखा.’ तिला उपमा अलंकार म्हणजे काय हे विचारलं असतं तर व्याख्या चुकली असती.

सगळ्यात मजा आली ती आत्मकथनात. हा निबंधप्रकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि आपण त्याची पार रया घालवली आहे. ‘ओळखलंत का मला? नाही ना? अहो, मी पृथ्वी बोलतेय!’ पुढे पृथ्वी दोन पानं रडते. पृथ्वी फार मोठी पडते हो, बारा वर्षांच्या मुलाला तिच्या तोंडून बोलणं झेपत नाही. मी म्हटलं, बोलणारा छोटा घ्या. मुठीत मावेल एवढा. आणि त्याला जे ठाऊक असणं शक्य नाही ते त्याच्या तोंडी घालू नका.

एका मुलीने बुडबुडा घेतला. अंटार्क्टिकाच्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकतात, त्यावर थरामागून थर बसतात, आणि बर्फाचे खांब खणून काढून शास्त्रज्ञ ती जुनी हवा मोजतात. आठ लाख वर्षांपर्यंतची हवा अशी सापडली आहे आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड ३०० भागांच्या वर गेलेला नव्हता. हिमनदीचा बर्फ पाण्यात वितळतो तेव्हा हे दाबले गेलेले बुडबुडे फुटून तडतड आवाज होतो. पाण्याखाली माइक सोडून तो ऐकलेला आहे. एवढं मी सांगितलं. तिचा बुडबुडा काळोखात पडून आहे, त्याला वर काय चाललंय याची कल्पना नाही, आणि वर्षानुवर्षं तो फक्त वजन वाढत असल्याचं सांगतोय. मग एके दिवशी उजेड दिसतो. शेवटच्या ओळीत तो बाहेर पडतो आणि म्हणतो, ‘इथे माझ्यासारखं कुणीच नाही.’ यात हवामान बदल हा शब्द एकदाही आलेला नाही. मी मोजून बघितलं.

दुसऱ्याने कासवं घेतली. समुद्री कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी पुरलेल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू गरम असेल तर माद्या. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या कासवांची पाहणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या वाढीच्या वयातल्या कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. मुलाने तीन बहिणींची गोष्ट लिहिली. त्या पोहत पोहत भावाला शोधायला निघतात आणि जो भेटेल त्याला विचारतात. सगळे म्हणतात, ‘आमच्याकडे पण बहिणीच.’ विनोदी गोष्ट आहे. वाचताना मुलं खो खो हसली, मग हळूहळू हसायची थांबली.

आता त्या मुलाविषयी, ज्याच्याशी माझं भांडण झालं. त्याची गोष्ट थरारक होती : आर्क्टिकमधला तरंगता बर्फ एका रात्रीत वितळतो, सकाळी समुद्र तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, असं होणार नाही. तो म्हणाला, ‘बाई, गोष्ट आहे ना?’ प्रश्न रास्त होता. गोष्टीत बुडबुडा बोललेला मला चालतो, कासव भावाचा पत्ता विचारतं ते चालतं, मग यालाच का हरकत? माझं उत्तर असं, की बुडबुडा बोलतो हे खोटं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं. तरंगता बर्फ वितळून समुद्र चढतो हे खोटं आहे, हे त्याला माहीत नसतं. तो ते घरी घेऊन जातो.

तोंडी पटेना, म्हणून काचेचा पेला घेतला. पाणी ओतलं, बर्फाचे चार तुकडे टाकले, पाण्याच्या पातळीशी पेनाने रेघ मारली. मग आम्ही सगळे बसून राहिलो. बर्फ वितळताना बघत बसणं हे मुलांना आधी कंटाळवाणं वाटतं आणि मग वाटत नाही. तुकड्यांच्या कडा गोल झाल्या, एक तुकडा दुसऱ्यावरून घसरला, पेल्याला बाहेरून घाम आला. सगळं वितळलं तरी पाणी रेघेलाच. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. मग पेल्यावर आडवी चाळणी ठेवून तिच्यात बर्फ घातला : हा जमिनीवरचा बर्फ, ग्रीनलँडवरचा. तो थेंब थेंब आत पडला आणि रेघ बुडाली. मुलगा काही बोलला नाही. वही घेऊन कोपऱ्यात गेला.

पुढच्या शनिवारी त्याने येऊन अडचण सांगितली. ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल, पण त्याला शेकडो, कदाचित हजारो वर्षं लागतील. त्याची एका रात्रीची गोष्ट मेली होती. मग तो दुसरं काहीतरी मोजायला लागला. १९०१ पासून आजवर जगातल्या समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटरच्या आसपास वाढली आहे. काही जमिनीवरचा बर्फ वितळून, काही तापलेलं पाणी प्रसरण पावून. त्याने पट्टी घेऊन जिन्याची पायरी मोजली. सोळा सेंटीमीटर. म्हणजे एक पायरी आणि वर दोन बोटं. त्यातून त्याची नवी गोष्ट निघाली : किनाऱ्यावरचं एक घर, आणि प्रत्येक पिढी दाराशी एक पायरी वाढवते. पणजोबांची पायरी, आजोबांची, बाबांची. कुणालाच आपल्या हयातीत समुद्र चढल्याचं दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं की आपण पायरी उगाचच बांधतोय, वडिलांनी सांगितलं म्हणून. शेवटी नातीला खेळताना तळाची पायरी पाण्याखाली सापडते आणि ती विचारते, ही कुणी बांधली, आणि समुद्रात कशाला?

तिसऱ्या मजल्यावरच्या समुद्रापेक्षा ही गोष्ट किती बरी, हे मी सांगायला नको. भौतिकशास्त्राने कल्पनेचे पाय बांधले नाहीत, तिला उभं राहायला जमीन दिली. भाषेच्या शिक्षकांनी विज्ञानाच्या शिक्षकाला बोलावून आणि विज्ञानाच्या शिक्षकाने पेला घेऊन एक तास एकत्र घ्यावा, एवढंच माझं मागणं आहे. वेळापत्रकात असा तास नसतो, ठाऊक आहे. रजेच्या बदली तासाला घ्या. मी तसंच करायचे, फक्त तेव्हा प्रकाशसंश्लेषणाची आकृती काढून घ्यायचे.

मुलं घाबरतात, हा आक्षेप मला दोन पालकांनी घेतला. मुलं आधीच घाबरलेली आहेत. ती मोबाइलवर वणवे बघतात, पूर बघतात, आणि त्यावर बोलायला त्यांच्याकडे भस्मासुराखेरीज शब्द नसतो. लिहिल्याने भीती जाते असा माझा दावा नाही. पण पायऱ्या मोजणारा तो मुलगा त्या आठवड्यात घाबरलेला दिसला नाही, कामात दिसला. निबंध नेटवरून उतरवतात, या दुसऱ्या तक्रारीवर तर मी वेळच घालवणार नाही. ‘हवामान बदल : एक जागतिक समस्या’ उतरवता येतो. तुमच्या वर्गातला बाक कुठून उतरवणार?

गुणांचं मात्र कठीण आहे, कबूल. बुडबुड्याला किती आणि कासवाला किती, मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त तीन प्रश्न विचारते. यात एखादी तरी गोष्ट तू स्वतः पाहिलेली, मोजलेली किंवा विचारून घेतलेली आहे का? विज्ञान चुकलंय का? आणि वाचून झाल्यावर मला काय आठवत राहील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला परीक्षकाला पंधरा दिवस आणि बस थांबा लागतो, म्हणून तो तक्त्यात बसत नाही.

शेवटच्या शनिवारी एक मुलगी वही घेऊन जवळ आली. तिने पत्र लिहायला घेतलं होतं, २०७५ सालच्या स्वतःलाच. त्या वर्षी ती माझ्या आजच्या वयाची असेल. दीड पान झालं होतं. हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, शेवट काय करू? चांगला करायला लागतो ना?’ तिला निबंधाचे नियम पाठ होते. एकतीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडाशी आलंच होतं, ‘हो, आशावादी कर.’ मग विचार केला, की मी तिला खोटं लिहायला सांगतेय की खरं, हे मला तरी कुठे माहीत आहे? पॅरिस करारात २०१५ साली जगाने ठरवलं, औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत तापमानवाढ २ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली ठेवायची आणि दीडच्या आत राखायचा प्रयत्न करायचा. २०२४ हे वर्ष दीड अंश ओलांडून गेलं. एका वर्षाने करार मोडत नाही, सरासरी दीर्घ काळाची धरतात. पुढचं अजून व्हायचं आहे, आणि ते तिच्या वयाच्या, माझ्या वयाच्या, सगळ्यांच्या करण्यावर आहे. मी म्हटलं, ‘तुला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांब.’ तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि वही घेऊन जागेवर गेली.

संपादक महोदय, आपण दर वर्षी ५ जूनला पर्यावरणाची पुरवणी काढता, तिच्यात मुलांचे निबंध आणि मान्यवरांचे संदेश असतात. माझी विनंती अशी, की वर्षाच्या इतर दिवसांपैकी एखाद्या वारी, आतल्या पानावर का होईना, अडीचशे शब्दांची जागा मुलांना द्या. विषय द्यायचा असेल तर ‘हवामान बदल’ देऊ नका; बाक द्या, पायरी द्या, टाकीचा नळ द्या. क्रमांक काढू नका. आणि ‘खिडकीजवळचा बाक’ लिहिणाऱ्या मुलीपर्यंत हे पत्र पोचलं, तर तिने तो शेरा खोडून टाकावा. लाल शाईनेच खोडला तरी चालेल.

सोबत चार मजकूर जोडले आहेत : बुडबुडा, तीन बहिणी, पायऱ्या आणि २०७५ चं पत्र. मुलांची आणि पालकांची लेखी परवानगी घेतली आहे, नावं छापायची नाहीत असं ठरलं आहे. ‘तीन बहिणी’मध्ये ‘पोहोत’ असं लिहिलंय ते आपल्या मुद्रितशोधकांनी सुधारलं तरी हरकत नाही. चौथ्या मजकुराला मात्र हात लावू नये. तो दुसऱ्या पानाच्या मध्यावर, स्वल्पविरामाशी थांबतो. पान गहाळ झालेलं नाही, तेवढंच आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका